दोन ताटांचा घास

"आज खोकला नाही का रे?" देवडीवरचा बुधाजी म्हणाला.

मी मान खाली घालून आत शिरलो.

हे खोकल्याचं आधी सांगायला पाहिजे. वाघजळच्या गढीचे कारभारी शिदोजी. त्यांना धन्यापासून झाडलोट करणाऱ्या बायांपर्यंत सगळे आबा म्हणायचे. आबा कुठल्याही दारातून आत यायच्या आधी खोकायचे. एक आखूड, एक लांब, आणि मग घशात जातं फिरवल्यासारखा आवाज. तो ऐकला की देवडीवरचे पहारेकरी सोंगट्यांचा पट घोंगडीखाली सारून भाले घेऊन उभे राहायचे. मी तिथं हुजऱ्या होतो. धन्याचा पानाचा डबा धरायचा, निरोप न्यायचे-आणायचे आणि उरलेल्या वेळात लोकांचे आवाज काढायचे. बाहेरून आलो की मी आबांसारखा खोकायचो. पहारेकरी ताडकन उभे. मग मी दात काढत आत. दर वेळी मी शिव्या खायचो आणि दर वेळी ते फसायचे. माझा खोकला त्यांच्या स्वतःच्या खोकल्यापेक्षा बरा आहे, असं आबाच एकदा म्हणाले होते.

त्या दिवशी मी खोकलो नाही. सुचलंच नाही.

आबा चौकातच होते. आमच्याकडं पाठ करून एकेक पत्रावळ उजेडाला धरून बघत होते, कुठं भोक राहिलंय का. बुधाजी बोलला तेव्हा त्यांचा हात पत्रावळीसकट वरच राहिला. मग ती त्यांनी खाली ठेवली आणि दुसरी उचलली.

"आबा," मी म्हणालो.

"पाहुणे कुठवर आले?"

"खिंड उतरले. आबा, जरा बाजूला या. राणू..."

"तुझा शेला कुठाय?"

मी खांदा चाचपला. "खिंडीत राहिला."

"राहू दे. मुदपाकखान्यात जा. केसूला सांग, वरणात मीठ मी आल्यावर पडंल. त्याच्या हातानं नको, कालचं खारट होतं. पळ."

माझा शेला राणूच्या तोंडावर होता. राणू म्हणजे आबांचा मुलगा, एकुलता एक. पाहुण्यांना सामोरं जायला आम्ही दोघं पहाटेच खिंडीत जाऊन बसलो होतो. त्यांचं पहिलं घोडं दिसलं तसा राणू हात वर करून झाडीतून बाहेर आला. हसतच आला. त्यांच्या पुढच्या माणसाला वाटलं दगा आहे. तांबड्या मुंडाशाचा होता तो. त्यानं गोफण फिरवली. एकच धोंडा, कानाच्या वर बसला.

मग तो घोड्यावरून उतरला, राणूजवळ आला आणि तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत राहिला. त्याचे धनी मागं होते, वळणापलीकडं. तो म्हणाला, "धर." आणि मी धरलं. दोघांनी उचलून राणूला करवंदीच्या जाळीआड नेला. का धरलं ते मला आजही सांगता येत नाही. तो घोड्यावर बसून पुढं निघाला. मी तिथल्या एका धनगराला राखणीला बसवलं, ओढ्यावर हात धुतले आणि आडवाटेनं गढीकडं आलो. रडू आलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. चालत होतं, पण कुणा दुसऱ्याचं.

केसू आचाऱ्याला मी मिठाचं सांगितलं. तो म्हणाला, "आबांच्या आवाजात सांग की." एरवी मी सांगितलं असतं.

आता हे जेवण कसलं ते सांगतो. देशमुखीच्या दोन पाती होत्या. थोरली आमची, धाकटी निवडुंग्याची. घराणं एकच, रक्त एकच, आणि भांडण पोळ्याच्या मानाचं. वेशीतून पहिला बैल कुणाचा. हसू नका. त्या बैलापायी दोन पिढ्या माणसं मरत होती. दर पोळ्याला बायका आधीच कुंकवाच्या करंड्यांना हात लावून बसायच्या.

असल्या भांडणाला आमच्याकडं एकच औषध होतं. दोन्ही धन्यांनी शेजारी शेजारी बसायचं. मध्ये तिसऱ्या माणसानं बसायचं, ज्याच्यावर दोघांचा भरवसा आहे अशा. त्यानं एका ताटातला भात घ्यायचा, दुसऱ्या ताटातलं वरण घ्यायचं, तळहातावर कालवायचं आणि खायचं. दोन ताटांचा घास. तो त्याच्या घशाखाली उतरला की दोघांनी जेवायचं, आणि मग भांडण त्या घासाबरोबर पोटात गेलं. पुन्हा उकरून काढील तो अन्नाचा बेइमान. मात्र घास घेणारा सुतकात नसावा. सुतक्याच्या हातचा घास म्हणजे घास नाही.

पूर्वी एकदा हे जेवण मांडलं होतं. घास घ्यायला एक म्हातारा पाटील बसला, भातात हात घातला, आणि दारातून कुणी तरी ओरडलं की पाटलाची चुलती वारली. झालं. पाटलानं हात झटकला, दोघं धनी ताटावरून उठले, आणि त्या पोळ्याला वेशीतली माती लाल झाली.

आता पुन्हा मांडायचं ठरलं तेव्हा निवडुंग्याच्या दमाजीरावांनी निरोप धाडला, घास शिदोजी कारभारी घेणार असतील तर येतो, नाही तर नाही. आबा आमच्या घरचे नोकर, तरी शत्रूनं त्यांचं नाव घेतलं. आमचे धनी हैबतराव मिशीत हसत म्हणाले, "आबा, तुम्ही नक्की कुणाकडचे?" आबा म्हणाले, "मी कोठीचा."

तर त्या दिवशी आबांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. सदरेला दार एक. पहिलं आत कोण जाणार, यावरूनच तलवारी निघाल्या असत्या. म्हणून आबांनी आदल्या दिवशी गवंडी बोलावून भिंत फोडली आणि पहिल्या दाराला लागून तसंच दुसरं दार काढलं. उंबरे एका उंचीचे. पाट दोन, पण एकाच फळीतून कापलेले. समया दोन, तेल एकाच मापाचं. मी त्यांच्यामागं फिरत होतो.

"आबा, ऐका तर."

"त्या समईची वात वर कर."

केली. "आबा, खिंडीत..."

"खिंड खिंडीत राहू दे. माझं कोरडं धोतर आणि पंचा नदीवर नेऊन ठेव. पिंपळाच्या ढोलीत."

"आंघोळ तर सकाळीच झाली तुमची."

"ठेव म्हणतो तर ठेव."

मला वाटलं, म्हातारा ऐकतच नाही. माझी थट्टेची सवय नडतेय. एकदा मी राणूचा आवाज काढून "आबा, जेवायला चला" म्हणून त्यांना कोठीबाहेर काढलं होतं आणि आत शिरून गुळाची ढेप पळवली होती. आज त्यांना तसलंच काही वाटत असेल. मी धोतर नेऊन ठेवलं आणि पळत परत आलो. नदीवर जाताना-येताना काय बघितलं ते आठवत नाही.

परत आलो तेव्हा हैबतराव सदरेच्या नव्या दारात उभे राहून उंबरा पायानं दाबून बघत होते. मी ठरवलं, धन्यालाच सांगतो. माणूस मारून आलेल्यांच्या पंगतीला आमचा धनी बसणार आणि मी पानाचा डबा धरून मागं उभा राहणार, हे काही बरं नव्हे.

"धनी," मी म्हणालो.

कुणी तरी माझं मनगट धरलं. आबा. म्हाताऱ्याची पकड सांडशीसारखी होती.

"काय रे कोंड्या?" हैबतराव म्हणाले.

"तो विचारतोय," आबा म्हणाले, "पाहुण्यांपुढं नकला करू का म्हणून."

"कर की. त्यांना हसू येतं का ते तरी कळू दे."

आबांनी मला भिंतीआड नेलं. तोंड माझ्या कानाशी आणलं. त्यांच्या अंगाला अंगाऱ्याचा वास येत होता.

"आज तुझं तोंड माझं आहे," ते म्हणाले. "दिवे लागायच्या आत परत देतो. तोवर त्यातनं नकला काढ. दुसरं काही काढलंस तर तुला कोठीत कोंडून ठेवीन."

"आबा, पण तुम्हाला माहीत नाही की..."

"नाही," आबा म्हणाले. "मला काही माहीत नाही."

आणि ते गेले. किल्ल्यांचा जुडगा कमरेला वाजत होता.

पाहुणे आले. दमाजीराव पिकल्या दाढीचे, एका डोळ्यात फूल पडलेले. दोन दारं बघून ते थबकले. हैबतराव एका दारात, ते दुसऱ्या. दोघांनी एकमेकांच्या पायांकडं बघितलं आणि एकदमच आत पाऊल टाकलं. कुणीच पहिलं गेलं नाही. दमाजीराव म्हणाले, "कारभारी, भिंत चांगली होती हो."

"माणसं जास्त चांगली आहेत," आबा म्हणाले.

तांबड्या मुंडाशाचा त्यांच्या मागंच होता. मला बघितलं तसा तो खांबाकडं सरकला. त्यानं आपल्या धन्याला काही सांगितलेलं नव्हतं, हे त्याच्या मानेवरूनच दिसत होतं. मी त्याच्याकडं बघत राहिलो. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि मग मी बघत होतो तिकडं बघितलं. एवढंच.

पानं मांडली. धूप लागला. दोन पाटांच्या मध्ये आबा नुसत्या जमिनीवर बसले. त्यांनी एका ताटातला भात घेतला, दुसऱ्या ताटातलं वरण घेतलं आणि तळहातावर कालवू लागले. सगळी सदर त्या हाताकडं बघत होती. मी धन्यामागं उभा होतो, डबा धरून. माझ्या जिभेवर ते नाव होतं. एवढंच म्हणायचं होतं, राणू. पाटलाच्या वेळी दारातून ओरडणारा तो कोण होता, त्याचं पुढं काय झालं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आता विचारावंसं वाटलं.

आबांनी घास तोंडात घातला. चावायला फार वेळ लावला. मग गिळला. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले. "जेवा."

सदरेनं श्वास सोडला. माणसं जेवायला लागली. आबा उठले, हात धुतला आणि वाढायला लागले. कारभाऱ्यानं वाढायचं नसतं, पण त्यांनी तुपाची भरली लोटी स्वतःच्या हातात घेतली.

"कारभारी," दमाजीराव भुरका मारता मारता म्हणाले, "तुमचा मुलगा आम्हाला सामोरा येणार होता म्हणे. दिसला नाही कुठं."

तांबड्या मुंडाशाचा हात पानावरच थांबला.

"दुसऱ्या कामाला लावलाय," आबा म्हणाले. ते पंगतीतून चालत त्या माणसापुढं आले. त्याच्या भातावर तूप सोडलं. त्यानं हात आडवा धरला, पुरे. आबांनी तो हात आपल्या हातानं बाजूला केला आणि अजून तूप सोडलं. "जेवा पोटभर," ते म्हणाले. "लांबून आलात." तो माणूस खाली मान घालून जेवायला लागला. सगळं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

मग हैबतराव दमाजीरावांना म्हणाले, "काका, आमच्या कोंड्याच्या नकला बघा."

मी पुढं झालो. आधी केसूची केली, मग बुधाजीची. निवडुंग्याचे लोक हसले, पण बेतानं, हसू उधार दिल्यासारखं. दमाजीराव म्हणाले, "कारभाऱ्यांची येते का?"

मी आबांकडं बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते, हातात रिकामी लोटी.

"कर," आबा म्हणाले.

मी दोन्ही दारांच्या मधल्या भिंतीआड गेलो आणि खोकलो. एक आखूड, एक लांब, आणि जातं. बाहेर देवडीवर पहारेकऱ्यांची धडपड ऐकू आली, कुणाचा तरी भाला दगडावर पडला, आणि अख्खी सदर हसून फुटली. हैबतरावांना ठसका लागला. दमाजीरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मारलेला हात तसाच पाठीवर ठेवून हसत राहिले. दोन पातींचे धनी एकत्र हसताना बघितलेला माणूस तिथं जिवंत नव्हता. मी आत येऊन वाकून मुजरा केला. लोक अजून हसत होते. माझ्या कानात त्यांचं हसणं लांबून आल्यासारखं येत होतं, नदीपलीकडच्या लग्नासारखं.

त्या दिवसापासून भांडण मिटलं ते मिटलंच. पोळ्याला बैल जोडीनं यायला लागले, वेस रुंद केली. आता हैबतरावही नाहीत आणि दमाजीरावही नाहीत. तांबड्या मुंडाशाचा तर त्याच सालात तापानं गेला. म्हणून सांगतोय. नाही तर इतकी वर्षं मी ही गोष्ट वेगळीच सांगत आलो, आणि सगळे मानत आले.

पाहुण्यांना विडे दिले. ऊन उतरलं तशी त्यांची घोडी वेशीबाहेर पडली. आबा माजघराच्या दाराशी गेले, कमरेचा जुडगा सोडला आणि बाईसाहेबांपुढं जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही.

"काय हो आबा?" बाईसाहेब म्हणाल्या. "कुठं निघालात?"

"नदीवर जाऊन येतो."

बाईसाहेब त्या किल्ल्यांकडं बघत राहिल्या. मग आबांच्या तोंडाकडं. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

मला आबांनी मानेनंच खुणावलं. मी मागून चालायला लागलो. पिंपळाखाली आल्यावर त्यांनी पागोटं काढून ढोलीत ठेवलं, धोतराशेजारी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे धोतर इथं सकाळपासून कशासाठी आहे.

"आता सांग," आबा म्हणाले.

"काय सांगू?"

"सकाळपासून सांगतोयस ते. कसं झालं ते नको. कुणी ते तर नकोच. एवढंच सांग."

"राणू गेला, आबा."

कोठीतलं कुठलं धान्य संपलं असं कुणी सांगितलं की ते मान हलवायचे, तशीच हलवली. मग पाण्यात उतरले. बुडी मारली. बराच वेळ वर आले नाहीत. मी पुढं झालो तोवर आले, काठावर बसले, पंच्यानं अंग पुसलं, धोतर नेसले.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"तू खोकला नाहीस."

"मग सांगू का दिलं नाहीत?"

"सुतक कानाला लागतं, कोंड्या. पोटाला लागत नाही. कुणी सांगेपर्यंत मी मोकळा होतो." त्यांनी ओलं धोतर पिळलं. पाणी थेंब थेंब पडेपर्यंत पिळत राहिले. "कुठं ठेवलाय?"

"करवंदीच्या जाळीशी. धनगर बसलाय राखणीला."

"कड्यावरून पाय घसरला त्याचा. खाली धोंड्यावर डोकं आपटलं. तू बघितलंस."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"बघितलं," मी म्हणालो.

"जाळीला निसरडंच असतं तिथं."

"हो. निसरडं आहे."

आम्ही परत निघालो. अर्ध्या वाटेवर ते थांबले.

"त्याचा आवाज येतो तुला," आबा म्हणाले. "गूळ पळवलास तेव्हा काढला होतास."

"येतो."

मला वाटलं, काढ म्हणतील.

"काढू नको," आबा म्हणाले. "कधीच."

"नाही काढणार."

देवडी आली. दार लोटलेलं होतं, आतून सोंगट्यांचा आवाज येत होता. तिरडीला माणसं बोलवायची होती, आणि आबांना आता आत जाता येत नव्हतं. ते दारापासून दूर उभे राहिले आणि खोकले. एक आखूड, एक लांब.

आतून हसणं आलं. "सकाळी विसरलास म्हणून आता होय रे कोंड्या?" बुधाजीचा आवाज. "आज नाही फसत."

आबांनी माझ्याकडं बघितलं. पुन्हा खोकले. लांब खोकला मध्येच तुटला. जातं फिरलंच नाही.

"हा तर अगदीच नाही जमला," बुधाजी आतून म्हणाला. "आबा असे खोकत नाहीत." बाकीचे खिदळले. सोंगटी आपटली.

आबा माझ्याकडं वळले. ओलं धोतर खांद्यावर, पाणी पाठीवरून उतरत होतं.

"तू खोक," ते म्हणाले.

मी खोकलो.

आत एकदम शांत झालं. मग सोंगट्या सांडल्या, आणि भाले उचलल्याचा आवाज आला.